992 युरोंचा महिना

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाच्या घरात आईबाबांपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळ्यांना एक आकडा तोंडपाठ असतो : 11,904. इतके युरो जर्मनीतल्या बंदिस्त खात्यात आधीच भरले आहेत असा कागद जोडल्याशिवाय शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्याचा व्हिसा सहसा पुढे सरकत नाही. बाराने भागलं की महिन्याला 992 युरो होतात. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा लागू आहे. त्याआधी तो 934 होता, त्याच्याही आधी 861. खुद्द सरकारने सांगितलंय म्हणजे तेवढ्यात महिना भागणारच, असं धरून घरोघरी पुढचं सगळं गणित या 992वर उभं राहतं.

हा आकडा आला कुठून, ते फारसं कुणी विचारत नाही. आईवडिलांची ऐपत बेताची असलेल्या मुलांना जर्मन सरकार शिक्षणासाठी मदत देतं. 'बाफ्योग' नावाने ती योजना ओळखली जाते. तिच्यात जास्तीत जास्त जेवढी रक्कम मिळू शकते, तोच आकडा परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी उचलला आहे. त्याची फोड अशी : रोजच्या जगण्यासाठी 475, घरभाड्यासाठी 380, आरोग्य आणि शुश्रूषा विम्यासाठी 137. बेरीज 992. एका शहरात राहायला खरोखर किती लागतं याची पाहणी करून कुणी हा आकडा काढलेला नाही. सरकारी मदतीची ती कमाल मर्यादा आहे. शिवाय ती ज्याच्यासाठी ठरवली तो मुलगा तिथलाच असतो. त्याची गादी, सायकल, कढई घरून येते, आणि सुट्टीत तो आईच्या हातचं जेवायला जाऊ शकतो.

आता भाड्याचे 380 पाहू. बर्लिनची मोझेस मेंडेल्सझोन इन्स्टिट्यूट विद्यापीठांच्या शहरांत सामायिक घरातल्या खोलीचं भाडं किती आहे याची नियमित पाहणी करते. 2024-25च्या हिवाळी सत्रात देशभराची सरासरी 489 युरो होती आणि म्युनिकमध्ये 790. म्हणजे सरासरी शहरातच भाड्यात शंभरावर युरो कमी पडतात. म्युनिकमध्ये तर भाडं दिल्यावर 992 पैकी दोनशेच उरतात. त्यातून 140च्या पुढेमागे विमा भरायचा आणि राहिलेल्यात महिनाभर जेवायचं.

गेल्या वर्षभरात पुणे, सांगली, नाशिक आणि जर्मनीतल्या काही घरांकडे मी त्यांनी निघण्यापूर्वी केलेली अंदाजपत्रकं मागितली. कुणी एक्सेलची फाइल पाठवली, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे फोटो. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या सांगलीच्या एका काकांनी तर अख्खी वहीच समोर ठेवली. त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि तिला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. वहीत तांदूळ, तूरडाळ, दूध, कांदे, तेल यांचे जर्मन दुकानांतले भाव व्यवस्थित उतरवलेले होते. केस कापण्याचा खर्चही होता. अक्षर बँकेतल्या माणसाचं, बेरजा पक्क्या. किराण्याचा त्यांचा अंदाज मुलीच्या प्रत्यक्ष खर्चाशी पंधरा-वीस युरोंच्या फरकाने जुळला.

चुकलं ते दुसरीकडेच. आणि बहुतेक वह्यांत ते त्याच जागी चुकलेलं दिसतं, म्हणून हा लेख.

पहिली जागा म्हणजे तारीख. काकांनी हिशोब जानेवारी 2025 मध्ये मांडला. तेव्हा एका युरोला 88-89 रुपये पडत होते. त्या भावाने 11,904 युरो म्हणजे साधारण साडेदहा लाख. प्रवेश, कर्जमंजुरी, व्हिसाची तारीख हे सगळं जुळून पैसे पाठवायची वेळ येईपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि युरो 103च्या घरात गेला होता. तीच रक्कम आता सव्वाबारा लाखांच्या पुढे. तिकडे कुठलीही वस्तू महागली नाही, मुलीने एक पैसा जास्त खर्च केला नाही, तरी दीड लाखाहून अधिक वाढले. बँकेने कर्ज रुपयांत मंजूर केलं होतं आणि वरचे पैसे काकांना मुदत ठेव मोडून घालावे लागले. परदेशी शिक्षणाचं कर्ज मागताना आजच्या विनिमयदरावर निदान दहा टक्के चढवूनच आकडा सांगावा, असं मला या वह्या पाहून ठामपणे वाटतं. मंजूर झालेलं सगळं कर्ज उचललंच पाहिजे असं नसतं. ऐनवेळी वाढवून मिळणं मात्र अवघड.

दुसरी जागा अधिक त्रासाची. बंदिस्त खात्यातले पैसे मुलाचे असले तरी ते त्याला एकदम मिळत नाहीत. जर्मनीत पोहोचायचं, राहता पत्ता नगरपालिकेच्या कचेरीत नोंदवायचा, तिथलं चालू खातं उघडायचं, ते बंदिस्त खात्याला जोडायचं, आणि मग महिन्याला 992 यायला लागतात. पत्ता नोंदवायला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. म्हणजे साखळीची पहिली कडी खोली आहे, आणि ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होताना तीच मिळत नाही. विद्यार्थी वसतिगृहांत देशभरात दहातल्या एकाच्या आसपासच विद्यार्थ्यांची सोय होते, उरलेले सगळे बाजारात. काही दिवस हॉस्टेलच्या बंकवर किंवा ओळखीच्यांच्या हॉलमध्ये काढावे लागतात. ज्या तात्पुरत्या जागेत पत्ता नोंदवता येत नाही, तिथे राहून पुढचं एकही काम हलत नाही.

मध्यम भाड्याच्या शहरात पहिल्या महिन्यात रोख किती लागते, ते मी तिथल्या मुलांच्या बँक खात्यांच्या नोंदींवरून जुळवून पाहिलं. दहा-बारा दिवस तात्पुरती जागा, सुमारे 400 युरो. खोलीची अनामत : कायद्याने ती विजेपाण्याविनाच्या भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते, म्हणजे 330 भाडं असेल तर 990. पहिल्या महिन्याचं पूर्ण भाडं 420. विद्यापीठाची सत्रवर्गणी, शहरागणिक वेगळी, धरू 300. विमा 145. गादी, रजई, दोन पातेली, थंडीचा कोट मिळून 350. खाणं, सिमकार्ड, सुरुवातीचा प्रवास 300. एकूण 2,900च्या पुढे. यातले 992 बंदिस्त खात्यातून आले असं धरलं तरी दोन हजार युरो, म्हणजे दोन लाख रुपये, वेगळे हाताशी हवेत. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत ही रक्कम नव्हती. 'बारा महिन्यांचे पैसे भरलेत ना' या समाधानात ती राहून जाते.

अनामतीबद्दल एक सांगण्याजोगी गोष्ट आहे. भाडेकरूला ती तीन समान हप्त्यांत भरण्याचा हक्क जर्मन कायद्याने दिला आहे. पण खोलीसाठी चाळीस जणांची रांग असताना नवखा मुलगा हा हक्क सांगायला धजत नाही. हातात पैसे असतील तर तो रांगेत पुढे सरकतो, हे तिथल्या मुलांनी मला अगदी स्पष्ट सांगितलं.

भाड्याचे तिकडे दोन आकडे असतात. एक नुसत्या जागेचा. दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरलेली असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पहिला दिसतो आणि आपली माणसं वहीत तोच उतरवतात. दोन्हींत शे-सव्वाशेचा फरक सहज पडतो. वीज आणि इंटरनेट कित्येकदा याही पलीकडे असतं. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी आहेच, घरामागे महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. तिघांनी वाटून घेतली तर ती माणशी सहा युरोंवर येते, पण नवी मुलं त्या वर्गणीचं पत्र जाहिरात समजून बाजूला ठेवतात आणि मग थकबाकीचं बिल येतं.

काकांच्या मुलीला एक प्रवेश म्युनिकमध्ये होता, दुसरा केम्निट्झमध्ये. पूर्वेकडचं सॅक्सनीतलं हे गाव आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना चांगलं ठाऊक आहे, कारण तिथल्या तांत्रिक विद्यापीठात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. केम्निट्झमध्ये सामायिक घरातली खोली तीनशेच्या आसपास मिळते. भाडं, विमा, खाणं, फोन, वरखर्च धरून आठशेत महिना निघतो आणि 992 मधून चक्क शिल्लक राहते. म्युनिकमध्ये हेच सगळं तेराशेवर जातं. वर्षाला चार हजार युरोंचा खड्डा. त्यातून म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सहामाहीला चार ते सहा हजार युरो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर 2017 पासूनच सहामाहीला दीड हजार आहेत. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य पुण्यातल्या सल्लागारांच्या फलकांवर अजून तसंच आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरतं ते खरंही आहे, पण ज्या दोन राज्यांकडे आपल्या मुलांचा मोठा ओढा तिथेच त्याला अपवाद निघतात.

त्याच सल्लागारांच्या कोष्टकात आणखी एक ओळ असते : 'पार्ट टाइम जॉब, महिना 900 युरो.' काकांच्या वहीतही ती होती, पहिल्याच महिन्यापासून जमेच्या बाजूला. नियम काय सांगतो? आपल्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं. करमुक्त 'मिनी-जॉब' धरला तर त्या वर्षी महिन्याला कमाल 556. कागदावर नऊशे अशक्य नाहीत. पण केम्निट्झसारख्या गावात जर्मन न येणाऱ्याला काम मिळतं ते गोदामात किंवा हॉटेलच्या मागच्या बाजूला, आणि तेही रांगेतूनच. मुलीला पहिलं काम पाचव्या महिन्यात मिळालं. "ताई, बाबांच्या वहीत मी आल्या आल्या कमवायला लागले होते," ती म्हणाली, "आणि इथे मी नुसती अर्ज करत होते. पैसे संपत नव्हते हो, पण वहीप्रमाणे चाललं नाही म्हणून बाबा झोपत नव्हते." फेब्रुवारीत परीक्षा असतात, तेव्हा तास कमी होतात. पहिल्या सहा महिन्यांची जमा शून्य धरावी आणि त्यानंतरचीही निम्मीच. याहून उदार अंदाज करण्याजोगं मला कुठल्याही वहीत काही सापडलं नाही.

नोकरीसाठी जाणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांच्याकडे बंदिस्त खातं नसतं, नोकरीच्या पत्रात पगाराचा आकडा असतो आणि घरात पहिला गुणाकार होतो तो विनिमयदराशी. वर्षाला साठ हजार युरो म्हणजे साठ लाख! पुण्यात वीस-बावीस लाखांवर असलेल्या माणसाला हा आकडा कसा दिसत असेल ते समजण्यासारखं आहे.

चलनाचा भाव आणि चलनाची खरेदीशक्ती यांत फरक असतो हे अर्थशास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. स्वीडनच्या गुस्ताव्ह कासेल यांनी 1918 मध्ये त्याला नाव दिलं. 1986 पासून 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक देशोदेशींच्या बर्गरच्या किमती लावून हाच फरक दाखवतं. भारतात मॅकडोनाल्ड्स बीफचा बर्गर विकत नाही म्हणून आपल्या रकान्यात महाराजा मॅकची किंमत असते. जागतिक बँकेच्या तुलनेतून ढोबळ आकडा काढला, तर जर्मनीत एक युरो जेवढं विकत घेतो तेवढं भारतात 28-29 रुपयांत येतं. बाजारात मात्र त्याच युरोला शंभरावर रुपये मोजावे लागतात. शहरांच्या महागाईची तुलना करणारी संकेतस्थळंही आहेत. त्यांतलं नुंबेओ 2009 पासून चालू आहे, तिथे न्यूयॉर्कला 100 धरून बाकी शहरं मोजतात आणि भाव लोकच भरतात. शहराशी शहर ताडून पाहायला ते उपयोगी आहे. पण तिथली सरासरी तुमच्या घराची नसते, कारण सरासरी काढताना दूध आणि दाई एकाच टोपलीत जातात.

आणि खरी मेख तिथे आहे. जर्मनीत माल स्वस्त आहे, माणसाचा वेळ महाग. दूध लिटरला एक युरोच्या आसपास, कणीक, बटाटे, कांदे, अंडी यांचा पगाराच्या मानाने भार वाटत नाही. पण नळ गळायला लागला, दार मागे ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली, सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा आहे, तर तासाचे पन्नास-साठ युरो आणि येण्याजाण्याचे वेगळे. रविवारी रात्री कुलूपवाल्याला बोलावणं दोन-तीनशे युरोंना पडू शकतं. मध्यमवर्गीय पुणेकराचं घर नेमकं दुसऱ्याच्या वेळावर चालतं. पोळ्यांच्या मावशी, धुण्याभांड्याच्या ताई, इस्त्रीवाले काका, सोसायटीचा प्लंबर, शाळेची व्हॅन, आणि यांतल्या कुणी दांडी मारली तर आजी. आजीचं काम तर कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं, कारण त्याचे पैसे कधी दिलेच नाहीत.

श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका जोडप्याची फाइल मला या सगळ्यात सर्वात प्रामाणिक वाटली. शहर मी मुद्दाम निवडलं, कारण महाराष्ट्राचे त्याच्याशी जुने धागे आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, चाकणच्या कारखान्यांमुळे मोटारउद्योगातली माणसं दोन्हीकडे जातयेत असतात, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. नवरा ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये. बायको पुण्यात एका कंपनीच्या वित्त विभागात होती, पगार वर्षाला चौदा लाख. मुलगा चार वर्षांचा.

साठ हजारांचे महिन्याला पाच हजार होतात. हातात किती? निवृत्तिवेतनासाठी 9.3 टक्के, बेकारी विम्याला 1.3, आरोग्य विम्याला साडेआठच्या पुढेमागे, शुश्रूषा विम्याला 1.8, आणि मग आयकर. कुटुंब पुण्यात असेपर्यंत त्याला एकट्या माणसाचा कर लागला आणि हातात एकतीसशेच्या वर थोडे पडले. बायको-मुलगा येऊन पत्त्यावर नोंदवले गेल्यावर करवर्ग बदलला आणि आकडा पस्तीसशेवर गेला. वर मुलासाठी सरकारकडून 2025 मध्ये महिन्याला 255 मिळत होते. म्हणजे कुटुंब मागाहून न्यायचं की बरोबरच, याने करातच महिन्याला साडेतीनशे युरो इकडचे तिकडे होतात. ऑफर लेटरमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं.

त्यांच्या फाइलीत दोन गोष्टी मात्र अंदाजापेक्षा चांगल्या निघाल्या आणि त्या सांगायलाच हव्यात. बायको आणि मुलगा नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यातच येतात, त्यासाठी वेगळा हप्ता नाही. सरकारी शाळेला फी नाही. पुण्यात मुलाच्या शाळेसाठी आणि मेडिक्लेमसाठी जाणारे दीड-दोन लाख रुपये त्यांच्या हिशोबातून गेले. महागाईचा बाऊ करणारे लोक या रकान्यांकडे पाहत नाहीत.

आता उणे बाजू. तीन खोल्यांच्या घराचं सगळं धरून भाडं 1,450. घरात ओटा नव्हता. सिंक, शेगडी, कपाटं, छताचे दिवे यातलं काहीच नाही, कारण तिथे बरेच भाडेकरू स्वयंपाकघर उचलून बरोबर नेतात. जुनं स्वयंपाकघर विकत घेऊन बसवून घ्यायला अडीच हजार गेले. बालवाडीला महिन्याला तीनशेच्या आसपास, तीही जागा मिळाल्यावर. ती मिळायला आठ महिने लागले आणि तेवढे महिने बायकोचा जर्मन वर्ग सकाळी जमत नव्हता. भारतीय वाहन परवाना सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते आणि शिकवणीसकट हजार-दीड हजार युरो सहज लागतात.

फाइलीतला सर्वात मोठा आकडा तिच्या चौदा लाखांचा. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे, हे खरं. पण वित्त विभागातलं काम जर्मन भाषेत चालतं आणि त्यासाठी लागणारी पातळी गाठायला तिला दीड वर्ष लागेल असा तिचा स्वतःचा अंदाज आहे. पुण्यात दोघं मिळून महिन्याला सव्वादोन लाखांच्या आसपास घरी आणत होते. तिथे एकाच्या पगारावर तिघं राहतात. ती मला म्हणाली, "आम्ही दोन वर्षं माझा पगार शून्य धरूनच निघालो. ते धरलं नसतं तर आता रोज त्यावरून भांडलो असतो." निघण्यापूर्वी नवऱ्याच्या नातेवाइकांनी त्या ओळीला हरकत घेतली होती. इतकी शिकलेली मुलगी, तिला नोकरी लगेच मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने ओळ खोडू दिली नाही.

आता हा सगळा खटाटोप का, ते त्यांच्याच आकड्यांतून दिसतं. पस्तीसशे अधिक 255 आले. भाडं, बालवाडी, किराणा, वीज, फोन, प्रवास, कपडे, विमे मिळून बत्तीसशे ते तेहेतीसशे गेले. उरले साधारण पाचशे. खर्च होताना युरो तिथल्या भावाने जातो, म्हणजे आपल्या अनुभवाच्या तिशीतल्या रुपयांसारखा. पण जो उरतो, तो घरी पाठवताना शंभरावर रुपयांचा होतो. पाचशे युरो म्हणजे पन्नास हजारांहून अधिक. परदेशी जाण्याचा आर्थिक लाभ जवळपास सगळा या शिलकीत असतो, आणि एवढ्या मोठ्या उलाढालीत ती असते फक्त पाचशे. भाड्याचा अंदाज दोनशेने चुकला की शिल्लक चाळीस टक्क्यांनी घटते. बालवाडी आणि भाडं दोन्ही चुकलं तर ती राहतच नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच पुढच्या टप्प्यावर घडतं. वीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं : हप्ता सुमारे 27,000 रुपये, म्हणजे 260 युरो. चांगली नोकरी लागली तर हा हप्ता जाचत नाही. पन्नास हजारांच्या पगारावर एकट्या माणसाच्या हातात 2,700च्या आसपास येतात आणि त्यातून 260 सुटू शकतात. पण पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये सहा-आठ महिने जाऊ शकतात आणि बँकेची सवलतीची मुदत त्यासाठी थांबत नाही. व्यावसायिक प्रशिक्षणाच्या मार्गाने गेलेल्या मुलांची शिल्लक याहून बारीक असते. शुश्रूषेच्या पहिल्या वर्षाला 2025 मध्ये सरकारी रुग्णालयात चौदाशेच्या आसपास विद्यावेतन होतं, हातात अकराशे. तेवढ्यात राहता येतं, पण एजंटाला दिलेले लाखो रुपये त्यातून फेडण्याचा बेत असेल तर तो सुरुवातीलाच मोडतो. असा बेत करून निघू पाहणाऱ्या मुलांना कुणीतरी हे कागदावर मांडून दाखवायला हवं. भाषेच्या वर्गाइतकीच त्याची गरज आहे.

महिन्याच्या कोष्टकात न बसणारे खर्च अजून राहिले. हीटिंग आणि पाण्यासाठी दरमहा भरतो ती नुसती आगाऊ रक्कम असते. वर्षाचा हिशोब घरमालक नंतर पाठवतो, त्याला त्यासाठी वर्षभराची मुदत असते. थंडीत खिडकी उघडी टाकून हीटर चालू ठेवणाऱ्या नव्या घरांना पाचशे-सातशे युरोंचं बिल आल्याची उदाहरणं मी पाहिली. देशभर चालणारं प्रवासाचं मासिक तिकीट मे 2023 मध्ये 49 युरोंचं होतं, 2025 मध्ये 58. विद्यार्थ्यांना ते सवलतीत मिळतं. मायदेशीचं तिकीट दिवाळीत आणि डिसेंबरात सर्वात महाग, आणि अचानक यावं लागलं तर त्याहून. आणि इकडचे खर्च थांबलेले नसतात : फ्लॅटचा मेंटेनन्स, आईवडिलांच्या विम्याचा हप्ता, भावाच्या लग्नाचा आहेर. श्टुटगार्टच्या फाइलीत या सगळ्यासाठी वेगळं पान आहे, वर्षाची बेरीज करून बाराने भागलेली आणि दरमहा वेगळ्या खात्यात काढून ठेवलेली. ती रक्कम महिन्याला 310 युरो येते. पाचशेची शिल्लक आता 190.

त्या 190 वर ते दोघं समाधानी आहेत, असं त्यांनी सांगितलं, कारण तेवढेच उरणार हे त्यांना निघण्यापूर्वी माहीत होतं आणि पुढे तिचा पगार सुरू झाला की आकडा बदलेल. पहिल्या वर्षी लागणाऱ्या एकरकमी पैशांसाठी त्यांनी पुण्यात गाडी विकली होती.

सांगलीच्या काकांनी म्युनिकचा प्रवेश सोडून द्यायला लावला. मुलीला आधी ते पटलं नव्हतं. म्युनिकचं नाव मोठं आहे, तिथे नोकऱ्याही जवळ आहेत, आणि तिचा मुद्दा चूक नव्हता. काकांनी दोन वर्षांचे दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडले. फी आणि राहणं मिळून अठ्ठावीस हजारांवर युरोंचा फरक निघाला, म्हणजे कर्ज दुपटीहून जास्त. तिने रात्रभर विचार करून केम्निट्झला होकार कळवला. आता तिच्या मावशीचा मुलगा एप्रिलच्या सत्रासाठी निघतोय आणि काकांनी त्याच्यासाठी नवं पान आखलं आहे. त्यात युरो 113 धरला आहे, पहिल्या सहा महिन्यांची कमाई शून्य, दोन हजार युरो रोख वेगळे. तूरडाळीचा भाव या वेळी त्यांनी लिहिलेला नाही. वसतिगृहाचा अर्ज मात्र प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी भरून घेतला.